कुंडीवर लिहिलं होतं 'काश्मीर' : बिननावाच्या आयरिसचा शोध

(हा आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना मधेमधे आलेले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' आणि विश्रामबाग स्टेशनातून जाणाऱ्या गाडीचा भोंगा तेवढा काढून टाकलाय. बाकी जसं बोलले तसंच.)

 

आज आपण एका फुलाबद्दल बोलणार आहोत. लगेच स्किप करू नका, थांबा जरा. मला स्वतःला झाडांचं फार वेड आहे असं नाही. पण गेले दोन महिने मी एका झाडाच्या मागे हात धुऊन लागले होते, आणि त्यात घरातलीच एक गोष्ट उलटीपालटी झाली. ती तुम्हाला सांगायचीय. सांगता सांगता, घरातल्या बिननावाच्या झाडाचं नाव कसं शोधायचं, हेही कळेल.

आमचं घर विश्रामबागेत आहे, शंभर फुटी रोडपासून जरा आत. पुढं छोटंसं अंगण, आणि त्यात एक जुनी सिमेंटची कुंडी. कुंडीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलंय, 'काश्मीर १९७२'. अक्षर आजोबांचं.

ही कुंडी मूळची इथली नाही. ती गावभागातल्या जुन्या घराची, म्हणजे कृष्णाकाठची. ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्हाला आठवत असेलच. आयर्विन पुलापाशी पाण्यानं ५७ फूट ओलांडली होती. तिथं धोक्याची पातळीच ४५ फूट आहे. गावभागातलं आमचं घर पाण्यात गेलं आणि आजी आमच्याकडं विश्रामबागेत आली. सांगलीतल्या कितीतरी घरांत त्या आठवड्यात हेच झालं. पाणी उतरल्यावर आम्ही गेलो, तर घरात गुडघाभर गाळ. फोटोंचे अल्बम गेले, आजोबांचे फौजेतले कागद गेले, आणि त्यांची एक वही गेली. तिच्यात ते बागेतल्या प्रत्येक झाडाचं नाव आणि ते कुठून आणलं हे लिहून ठेवायचे.

गुलाब मेले, शेवंती मेली. या एका कुंडीत मात्र पानं कुजून गेली तरी खालचा गड्डा जिवंत होता. बाबांनी ती कुंडी टेम्पोत घातली आणि इकडं आणली. आजोबा त्याच्या आधीच गेले होते. त्यामुळं आमच्या घरात ती कुंडी म्हणजे, काय सांगू तुम्हाला, देव्हाऱ्याच्या खालोखाल!

घरातली गोष्ट अशी, की आजोबा फौजेत होते, काश्मिरात पोस्टिंग होतं, आणि सुट्टीवर येताना त्यांनी ट्रंकेतून आयरिसचे गड्डे आणले. लहानपणापासून मी हेच ऐकलंय. वर्गात 'माझे आजोबा' या निबंधात लिहिलंय सुद्धा.

सुरुवात कशी झाली

यंदा मार्चमध्ये त्याला फुलं आली. मी फोटो काढला आणि फोनमधल्या एका झाडं ओळखणाऱ्या ॲपला विचारलं. उत्तर आलं, 'बिअर्डेड आयरिस', म्हणजे दाढीवाला आयरिस. मला काय आनंद झाला! म्हटलं, चला, वही गेली तरी नाव सापडेल. आता फक्त कुठला वाण आहे तेवढं शोधायचं, म्हणजे आजोबांच्या वहीतली निदान एक ओळ तरी परत येईल.

आयरिस हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. आधार कार्ड काढताना डोळ्यांचा स्कॅन करतात ना, तो आयरिसचाच. ग्रीक लोकांची इंद्रधनुष्याची देवी म्हणजे आयरिस. डोळ्यातल्या रंगीत कड्यालाही तेच नाव, आणि फुलालाही, कारण ही फुलं जवळजवळ सगळ्या रंगांत मिळतात.

दाढीवाल्या आयरिसच्या फुलाला सहा पाकळ्या असतात. तीन वर उभ्या राहतात आणि तीन खाली लोंबतात. त्या खालच्या तीन पाकळ्यांवर, मधोमध, केसांची एक पट्टी असते, जणू मऊ ब्रश. हीच ती दाढी. ती पिवळी, केशरी, पांढरी, निळी अशी कुठल्याही रंगाची असू शकते. मधमाशीला आत जायची वाट दाखवणं हे तिचं काम.

जात वेगळी, वाण वेगळा

पुढं जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करू, कारण माझा इथंच गोंधळ झाला होता. झाडाची जात ओळखणं आणि त्याचा वाण ओळखणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

सांगलीकरांना हे द्राक्षावरून पटकन कळेल. द्राक्ष ही जात. त्यात थॉमसन सीडलेस हा वाण. आपल्याच तासगाव तालुक्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनच्या बागेतून वेगळी वाटणारी वेल निवडली आणि वाढवली, तो वाण तास-ए-गणेश. सोलापूरकडं नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी अशीच निवड करून लांब मण्यांचा सोनाका दिला. बाजारात माणूस मणी बघून सांगतो, हा सोनाका, हा गणेश. पण नुसती पानं दाखवून 'वाण सांगा' म्हटलं, तर जुना बागायतदारही विचारात पडेल. साध्या डीएनए चाचणीतही थॉमसन आणि त्याच्यातूनच निवडलेला वाण जवळजवळ सारखे दिसतात, कारण मुळात ती एकाच वेलीची पिल्लावळ.

थॉमसन या नावाचीही गंमत आहे. १८७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉमसन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका नर्सरीतून द्राक्षाच्या काड्या मागवल्या. त्या 'लेडी डी कव्हर्ली' या नावानं आल्या होत्या. तिकडं तो वाण कुणाच्या ओळखीचा नव्हता, म्हणून लोक म्हणायला लागले, थॉमसनचं बिनबियांचं द्राक्ष. पुढं कळलं, की पश्चिम आशियात हे द्राक्ष फार जुनं आहे आणि तिकडं त्याला सुलताना, किसमिस अशी नावं आहेत. म्हणजे नाव होतंच, वाटेत हरवलं, आणि ज्याच्या परसात वेल वाढली त्याचं चिकटलं. आज सांगली-तासगावच्या बाजारात जो बेदाणा येतो, त्यातल्या बऱ्याच बेदाण्याचं मूळ हेच.

आता आयरिसकडं येऊ. दाढीवाल्या आयरिसचे वाण किती? हजारो. नोंदलेले वाण अक्षरशः दहा-दहा हजारांच्या हिशेबात मोजावे लागतात. अमेरिकन आयरिस सोसायटी १९२० मध्ये सुरू झाली आणि जगभरातल्या अशा आयरिसच्या नव्या वाणांची नोंद तीच ठेवते. लागवडीतल्या वाणांना नावं कशी द्यायची, याचे आंतरराष्ट्रीय नियम १९५३ पासून आहेत. नुसत्या जांभळ्या रंगाचे वाण म्हणाल, तर मोजता मोजता फोनची बॅटरी संपेल.

मग वाण ओळखायचा कसा? जाणकार लोक एकेक खूण लावून यादी लहान करत जातात. उभ्या पाकळ्यांचा रंग काय, खालच्यांचा काय, दोन्ही एकसारखे की वेगळे. दाढीचा रंग काय, आणि दाढीच्या टोकाला तो बदलतो का. पाकळीच्या कडेला टिपके किंवा शिवण घातल्यासारखी रेघ आहे का. दांडा किती उंच. सगळ्यात बुटके आयरिस २० सेंटिमीटरपर्यंतच वाढतात, उंच गटातले ७० सेंटिमीटरच्या वर जातात. दांड्याला फांद्या किती, वास आहे का, फूल हंगामात लवकर येतं की उशिरा.

आणि सगळ्यात कामाची खूण म्हणजे तारीख. झाड तुमच्याकडं १९७२ मध्ये आलं असेल, तर त्यानंतर जन्मलेले सगळे वाण एका फटक्यात बाद. मला वाटलं, माझ्याकडं तर तारीख कुंडीवरच लिहिलेली आहे. काम सोपं आहे!

मग गाडी अडली

वहीचं पान घेतलं आणि एकेक खूण लिहायला बसले. पहिलाच प्रश्न, दाढीचा रंग. गेले फुलाजवळ. भिंग घेऊन बघितलं. दाढी नाहीच!

खालच्या पाकळीच्या बुडाशी तपकिरी-पिवळे पट्टे होते. फोटोत तेच दाढीसारखे दिसत होते. बोट फिरवलं तर केस वगैरे काही नाही, गुळगुळीत.

शेजारच्या काकू कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, तो वेखंड असंल. आमच्या माहेरी विहिरीपाशी अशीच पानं होती." चूक त्यांची नाही. वेखंड आणि आयरिस यांची पानं तलवारीसारखी, दिसायला सारखी. इतकी सारखी, की युरोपातल्या पिवळ्या आयरिसचं शास्त्रीय नावच 'आयरिस स्यूडाकोरस', म्हणजे खोटा वेखंड. पण वेखंडाची परीक्षा सोपी आहे. पान चुरगाळायचं. बाळाच्या टाळूला लावतात तो ओळखीचा वास आला, तर वेखंड. मी पान चुरगाळलं. नुसता हिरव्या गवताचा वास. शिवाय वेखंडाला असं पाकळ्यांचं फूल येत नाही, बोटासारखं कणीस येतं. म्हणजे वेखंडही बाद.

आता मी जरा शिस्तीत बसले. फूल बाजूला ठेवलं आणि बाकीचं झाड बघितलं. जे दिसलं ते सांगते.

एक, पान. दाढीवाल्या आयरिसचं पान निळसर-राखाडी झाकेचं, सपाट, मधे उठावदार शीर नसलेलं असतं. माझ्या झाडाचं पान चकचकीत हिरवं, आणि मधोमध बोटाला लागेल अशी उठलेली शीर.

दोन, दांडा. आयरिसचा दांडा पानांपासून वेगळा उठतो, गोलसर असतो. इथं फूल चक्क पानातून फुटल्यासारखं दिसतंय! नीट पाहिलं तर ते पान नव्हतंच, पानासारखा चपटा झालेला दांडा होता.

तीन, फुलाचं आयुष्य. आयरिसचं एक फूल दोन-तीन दिवस तरी टिकतं. हे सकाळी उमललं, छान वास होता, आणि संध्याकाळी मिटून गेलं. दुसऱ्या दिवशी नवीन.

चार, पाकळ्या. बाहेरच्या तीन मोठ्या पांढऱ्या, आतल्या तीन लहान, निळ्या-जांभळ्या, टोकाला मागं वळलेल्या. आयरिसच्या उभ्या पाकळ्या अशा नसतात.

आणि पाच, जी खूण बघून मी खालीच बसले. गेल्या वर्षीच्या एका दांड्याच्या टोकाला, जिथं फूल आलं होतं तिथं, एक छोटं रोप वाढत होतं. त्याच्या वजनानं दांडा वाकून कुंडीबाहेर मातीला टेकला होता, आणि रोपानं तिथं मूळ धरलं होतं.

असं करणाऱ्या झाडाला इंग्रजीत 'वॉकिंग आयरिस' म्हणतात, चालणारा आयरिस. एकेक पाऊल टाकत पुढं जातो म्हणून. शास्त्रीय नाव निओमॅरिका. मूळ घर ब्राझील. याच गणातल्या नॉर्थियाना जातीची पानं पाच सेंटिमीटरपर्यंत रुंद आणि फुलं मोठी असतात. माझ्या झाडाची पानं दोन-अडीच सेंटिमीटर रुंद, फूल लहान. म्हणजे निओमॅरिका ग्रॅसिलिस.

आयरिसच्या कुळातलंच आहे बरं का ते. ग्लॅडिओलस आणि केशरही याच कुळातलं. म्हणजे ॲपनं अगदी परका माणूस नाही दाखवला, चुलतभाऊ दाखवला. मी फक्त समोरून काढलेला एकच फोटो दिला होता. जेवढं दाखवलं तेवढ्यावरून ते बोललं.

पुराचा पुरावा

खरं तर एक पुरावा २०१९ पासून माझ्या डोळ्यांसमोर होता. दाढीवाल्या आयरिसचा गड्डा जमिनीच्या वर, अर्धा उघडा, उन्हात तापत ठेवावा लागतो. त्याला कोरडी जमीन आणि हिवाळ्यात चांगली थंडी लागते. म्हणून तो काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात रमतो. काश्मिरात तर जुन्या कबरस्तानांत पांढरे-जांभळे आयरिस लावलेले असतात. साचलेलं पाणी हा त्याचा शत्रू, गड्डा लगेच सडतो. आपल्या काळ्या मातीत, जूनपासूनच्या पावसात, त्याचं टिकणंच कठीण. आणि आमचं झाड तर आठवडाभर कृष्णेच्या गढूळ पाण्याखाली राहून जगलं होतं! ब्राझीलच्या दमट जंगलातल्या झाडालाच असं जमावं.

पण मंडळी, हे सगळं कळल्यावर मला आनंद झाला नाही. पोटात गोळा आला. ब्राझीलचं झाड काश्मिरातून ट्रंकेतून कसं येईल? म्हणजे आजोबांची गोष्ट खोटी? आणि आजीला सांगायचं कसं? ती रोज सकाळी त्या कुंडीला पाणी घालते. पुरात तिचं सगळं गेलं, ही एक कुंडी राहिली.

आठ दिवस मी गप्प बसले. आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "कशाला सांगतेस? राहू दे की." बाबा म्हणाले, "तुझं ते ॲप चुकलं असंल." मी म्हटलं, बाबा, ॲप तुमच्याच बाजूनं बोलत होतं!

आजी काय म्हणाली

शेवटी एका संध्याकाळी आजी पाणी घालत होती, मी शेजारी जाऊन बसले. सरळ सांगायचा धीर होईना. म्हणून विचारलं, "आजी, हे झाड कुठून आलं गं?"

ती म्हणाली, "हे होय? हे मिरजेच्या मावशीनं दिलेलं."

मी बघतच राहिले. "आणि काश्मीरचं?"

"ते मेलं की! तुझ्या आजोबांनी आणलेले गड्डे पहिल्या वर्षी पानांवर आले. दुसऱ्या पावसाळ्यात सडले. उकरून बघितलं तर नुसता चिखल आणि घाण वास. फार वाईट वाटलं त्यांना. चार दिवस कुंडी तशीच ठेवली होती. मग मावशीनं हे पिल्लू आणून दिलं. पानं तशीच दिसतात म्हणून मीच लावलं त्याच कुंडीत. ते काही बोलले नाहीत. पाणी घालायला लागले."

"मग आम्हाला इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही सांगत होता, मी ऐकत होते."

आणि मग ती हसली. म्हणाली, "तुझे आजोबा पाहुण्यांना काश्मीरचं म्हणून दाखवायचे. मी कधी बोलले नाही. ट्रंकेतून खरंच आणले होते गं त्यांनी, ओल्या गोणपाटात गुंडाळून. ते काही खोटं नव्हे."

म्हणजे गोष्ट खरी होती. कुंडीवरचं अक्षर खरं होतं, तारीखही खरी होती. फक्त ती तारीख कुंडीतल्या पहिल्या झाडाची होती. पाटी कुंडीला असते, झाडाला नसते. झाड बदललं, पाटी राहिली, आणि आम्ही पन्नास वर्षं पाटी वाचत होतो. वाण शोधणारे लोक वारंवार सांगतात, की नर्सरीतली चिठ्ठी, कुंडीवरचं नाव, घरातली आठवण हे सगळं उपयोगी आहे, पण शेवटचा शब्द झाडाचा. ते मला आत्ता कळलं.

आणि समजा, ते खरंच दाढीवालं आयरिस निघालं असतं, तरी वाणाचं नाव मिळालंच असतं असं नाही. चांगले जाणकार अशा वेळी अंदाजानं नाव ठोकून देत नाहीत. 'नाव अज्ञात' लिहितात आणि बाकीच्या खुणा लिहून ठेवतात. कारण एकदा चुकीचं नाव दिलं, की त्या झाडाचं प्रत्येक पिल्लू ते नाव घेऊन दुसऱ्याच्या दारात जातं. आमच्या कुंडीसारखं.

तुमच्या घरी असं झाड असेल तर

हे करा. फोनवर पाच फोटो काढा. फूल समोरून, फूल बाजूनं, पानाची पुढची-मागची बाजू, दांडा जिथून निघतो ती जागा, आणि हलक्या हातानं माती सारून गड्डा किंवा मुळं. शेजारी मोजपट्टी ठेवा. फूल कधी उमललं आणि कधी मिटलं, ते लिहा. पान चुरगाळून वास घ्या, पण तोंडात घालू नका. ॲपला हे सगळे फोटो द्या आणि त्याचं उत्तर सुरुवात म्हणून घ्या. त्या नावाच्या झाडाचं वर्णन वाचून एकेक खूण आपल्या झाडाशी ताडून बघा. एक जरी ठळक खूण जुळली नाही, तर थांबा. आधी जात पक्की करा, वाणाचं नंतर. आपल्याकडं विलिंग्डन कॉलेजसारख्या जुन्या कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकवणारे लोक आहेत. फुलासकट फांदी नेऊन नम्रपणे विचारलं, तर शिक्षक सहसा नाही म्हणत नाहीत.

आणि सगळ्यात आधी, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. तुम्हाला काय वाटतं ते सांगू नका. नुसतं विचारा, "हे कुठून आलं?" आणि गप्प बसा. मी हे शेवटी केलं. पहिल्याच दिवशी केलं असतं, तर दोन महिने वाचले असते.

आता कुंडीवर काय लिहायचं, यावर घरात जरा वाद झाला. बाबा म्हणाले, जुनं नाव पुसायचं नाही. आजी म्हणाली, पुसायचं कशाला, ते खरंच आहे. शेवटी मी एक पातळ पत्र्याची पट्टी घेतली आणि झाडाच्या बुडाशी मातीत खोचली. तिच्यावर लिहिलं, 'निओमॅरिका ग्रॅसिलिस. मिरजेच्या मावशीकडून. गावभाग, मग २०१९ पासून विश्रामबाग.' आणि एक नवी वही केलीय. पहिल्या पानावर हेच झाड आहे, आणि त्याच्या वर, आजीनं सांगितलं तसं, १९७२ चे काश्मीरचे गड्डे. पुढं कंसात, 'दुसऱ्या पावसाळ्यात गेले.'

कुंडीबाहेर जे पिल्लू मूळ धरून बसलं होतं, ते वेगळ्या कुंडीत लावलंय. शेजारच्या काकूंना द्यायचंय. चिठ्ठीसकट देणार आहे, नाहीतर त्यांच्या अंगणात ते वेखंड होऊन बसेल!

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरी असं बिननावाचं झाड असेल, तर पाच फोटो काढा, घरात विचारा, आणि काय निघालं ते मला व्हॉइस नोट करून सांगा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!